बहुतेक साखर

ही सोयरीक जुळली असती तर गिरजाबाईला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. कारंज्याला बाजाराच्या दिवशी पिशवी ठेवायला आणि पाय पसरायला हक्काचं घर. दवाखान्यात जाऊन नंबर लावून ठेवणारा जावई. स्वतःच्या गावात, इंझोरीत, 'बिनमायच्या पोरीचं सोनं केलं बाईनं,' असा लौकिक. आणि तो तोंडावर बोलून दाखवणाऱ्या बाया थोड्या असल्या तरी पाठीमागे जळणाऱ्या भरपूर, म्हणजे तोही नफाच. पण ही सगळी किरकोळ जमा. खरी रक्कम एकच होती आणि ती गिरजाबाई कोणापुढे उघडी करत नव्हती. वैजयंती जवळ राहणार होती.

वैजयंती तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर गुडघ्याएवढी होती. गिरजाबाईला स्वतःचं मूल नव्हतं. तिनं पोर उचलून आणली ती आणलीच. आता वैजयंती गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि तिच्यासाठी दोन स्थळं दारात उभी होती. एक पुण्याचं. पोरगा कंपनीत, फ्लॅट, गाडी, आणि 'पोरीला नोकरीची गरजच काय' असं म्हणणारी मंडळी. दुसरं कारंज्याचं. हरीओम नावाचा पोरगा, आईबाप गावालगत भाजीपाला करणारे, आणि तो ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. पुण्याच्या मंडळींना दिवाळीच्या आत उत्तर हवं होतं.

"लॅबोरेटरीत हाय पोरगा," मध्यस्थ नानाजींनी सांगितलं होतं. "सायंटिस्टच समजा."

नानाजींचं 'समजा' गिरजाबाईला चांगलं ठाऊक होतं. मागं त्यांनी 'पेट्रोल पंपाचा मॅनेजर समजा' म्हणून आणलेला पोरगा गाडीत पेट्रोल भरताना सापडला होता.

"तू पाहून ये मावशी," वैजयंती म्हणाली. "तुले पटलं त मंग मी पाहीन. नाही पटलं त पुन्याले हो म्हन."

हे ऐकूनही गिरजाबाईनं चेहरा कोरडा ठेवला. तिचा एक नियम होता. पोरगा घरी पाहू नये, कामावर पाहावा. घरी दावणीला बैलही गरीब दिसतो. औताला जुंपला की त्याचा गुण कळतो. म्हणून एका शनिवारी, आगाऊ निरोप न धाडता, तिनं कारंज्याची एसटी धरली. सोबत नवऱ्याला घेतलं, पंजाबरावांना. सोयरीक पाहायला पुरुषमाणूस लागतो. बोलायला नाही, नुसता असायला.

कॉलेजच्या फाटकात त्यांना बादल शिपाई भेटला. डोक्याचे केस पिकलेले, पण पाहुणा पाहून अजूनही पोरासारखा धावणारा. कोणाकडे जायचं ते ऐकताच तो काय समजायचं ते समजला. लग्न जमलं तर आपल्याला टोपी-दुपट्टा, हा हिशोब त्यानं पायरी चढता चढताच केला असावा, कारण तिथूनच तो हरीओमची तारीफ करायला लागला.

"असा पोरगा दिवा घेऊन धुंडाल त सापडनार नाही बाई. नुसती एक खोट हाय त्याच्यात."

"कोन्ती?"

"चाय पिऊ देत नाही अंदर."

प्रयोगशाळेच्या दाराशी पोचले आणि आतून आवाज आला, "थांबा! तठीच थांबा!"

नमस्कार नाही, या-बसा नाही. गिरजाबाई उंबऱ्यावर थबकली. आत पांढऱ्या कोटातला एक सडसडीत, कानांनी जरा उदार असा पोरगा खाली बसून फुटलेल्या काचा ब्रशानं सुपडीत भरत होता. शेवटची कणी निघाली, मग त्यानं ओल्या फडक्यानं फरशी पुसली, आणि मग मान वर केली. बादलनं पाहुण्यांच्या मागून डोळ्यांनी खुणा केल्या. पोरगा कानांपासून लाल झाला. ब्रशासकट हात जोडले.

"या, मावशी. या, काकाजी. पदर तेवढा खोसून घ्या. काकाजी, दुपट्टा काढून ठेवा. पोरांचे दिवे पेटले हायत."

पहिल्याच भेटीत हुकूम. गिरजाबाईनं ते खर्चाच्या बाजूला टाकलं. पण पदर खोचला. दुपट्टा खुंटीला गेला. वर दोघांच्या नाकावर प्लास्टिकचे चष्मे चढले. पंजाबरावांचा अवतार असा झाला, की आता कोणत्याही क्षणी विमान उडवतील.

"अवं, मी कसा दिसतो?" त्यांनी हळूच विचारलं.

"डोये झाकले म्हनून बरे दिसता," गिरजाबाई म्हणाली आणि पाहणीला लागली.

भिंतीवर एक तक्ता होता. मीटर, किलोग्रॅम, सेकंद, अँपिअर, केल्विन, मोल, कँडेला. जगात मोजायचं ते सगळं या सातांत बसतं, असं वर लिहिलेलं. गिरजाबाईनं तो पुरा वाचला. तिच्या घरातही मापं होती. वीत, हात, पायली, ओंजळ, मूठ, चिमूट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे अंदाज. त्यावर तिनं आजवर संसार चालवला होता आणि भाजी कधी खारट झाली नव्हती. तक्ता तिला जरा चढेल वाटला.

ओट्याशी एक पोरगी काचेच्या उभ्या नळीत पाणी मोजत होती. हरीओम तिच्या मागे गेला.

"वरतून नोको पाहू. खाली वाक. डोया पान्याच्या बरोबरीत आन. वरतून पाह्यलं का जास्त दिसते, खालतून पाह्यलं का कमी. बरोबरीत आलं का जेवढं हाय तेवढं दिसते."

गिरजाबाईनं हे गाठीला बांधलं. पुण्याची मंडळी पोरगी पाहायला आली होती ती वरूनच पाहत होती. आणि तरी पोरगी त्यांना जास्त दिसली नव्हती. हा पोरगा निदान वाकतो. जमा.

घंटा झाली, पोरं पांगली, दिवे विझले. पाहुण्यांना उंच स्टुलांवर बसवलं गेलं. बादल तिसऱ्यांदा म्हणाला, "चाय आनू का सर?" आणि हरीओम तिसऱ्यांदा म्हणाला, "अथी नाही बादलभाऊ. मंग बाहेर व्हरांड्यात बसू ना आपून." पाहुणे येऊन एवढा वेळ झाला आणि ओठ कोरडे. खर्च.

गप्प बसून कंटाळलेल्या पंजाबरावांना आता सासरा म्हणून काहीतरी विचारणं भाग होतं.

"का गा, हे सारं माप-बिप करून फायदा काय? मी फवारनी करतो एवढ्या वर्सांची. मले नाही लागली नळी कधी." त्यांनी बंडीच्या खिशातून एक पांढरं, कडा झिजलेलं झाकण काढलं. "हे पाहा माहं माप. एका पंपाले दोन झाकनं. डब्बे बदलले, औषधं बदलली, झाकन हेच."

गिरजाबाईला हसू आलं. त्या झाकणावर पंजाबरावांचा बायकोपेक्षा जास्त जीव होता.

हरीओम हसला नाही. त्यानं झाकण पाण्यानं भरलं, उभ्या नळीत ओतलं आणि वाकून पाहिलं. "बारा मिली. काकाजी, तुमाले किती वाटत होतं?"

"मले मिली कायले वाटन? मले झाकन वाटते."

"पन आताच्या डब्यावर पंपाले पाचच मिली लिहून राह्यते एखाद्या औषधाचं. तुमी टाकून राह्यले चोवीस. ते पिकावर कमी आन तुमच्या अंगावर जास्त." मग त्याची नजर बंडीच्या त्याच खिशातून डोकावणाऱ्या तंबाखूच्या पुडीवर गेली आणि तिथेच थांबली. आवाज एकदम मऊ झाला. "काकाजी, रागाऊ नोका. ते पुडी फेकून द्या. आन त्या नळावर साबनानं हात धुवा, चांगले."

लग्न झाल्यापासून पंजाबरावांनी गिरजाबाईखेरीज कोणाचं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. ते उठले आणि हात धुवायला गेले. पुडीही टाकली. गिरजाबाई बघतच राहिली. ती पुडी सोडवायला तिचे देवाला नवस बोलून झाले होते, रुसून झालं होतं, आणि एकदा तर माहेरची पिशवीही भरून झाली होती. आता तिनं बेरीज केली. पोरगा हुकूम सोडतो, पण स्वतःसाठी नाही. चहा पाजत नाही, पण काच वेचताना पोरांच्या पायांची काळजी करतो. घर एसटीच्या टप्प्यात. वैजयंतीची नोकरी राहते. वैजयंती राहते.

ती स्टुलावरून उतरली.

"बादलभाऊ, साखर आना," ती म्हणाली. "मले पोरगा पटला. कारंज्यात आलो तसं तोंड गोड करूनच जाऊ."

आता वऱ्हाडात ही गोष्ट साधी नाही. पत्रिका, याद्या, साखरपुडा सगळं मागाहून होतं. पण घरच्या मोठ्या बाईनं पसंतीची साखर तोंडात टाकली की शब्द गेला, सोयरीक पक्की. पुढे नारळ फुटो न फुटो. हरीओमला ते कळलं. त्याचे कान पुन्हा पेटले. तो खाली मान घालून, काय करावं ते न सुचून, धुतलेल्या नळ्या पुन्हा पुसायला लागला. आणि त्याच वेळी बादलचा पाहुणचार उतू गेला. ऑफिसातली साखर आणायची म्हणजे जिना उतरा, बाबूंना विचारा. इथे तर फळीवर बरणीच होती, आणि तिच्यावर हरीओमच्याच टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी: 'सुक्रोज, म्हणजे साखर'. बादलनं धुतलेली खोलगट काच घेतली, बरणीतून साखर काढली आणि गिरजाबाईपुढे धरली.

"घ्या बाई. शुभस्य शीघ्रम्."

गिरजाबाईनं चिमूट उचलली. मनात बहिणीचं नाव घेतलं. हात ओठांशी नेला.

हरीओमनं मान वर केली आणि त्याचा हात आला. कसा आला ते तिला कळलंच नाही. मनगटावर सटका बसला, साखर उडाली, हात ओट्याच्या काठावर आपटला आणि एक हिरवी बांगडी तडकली. तुकडे फरशीवर खणखणले.

बादलच्या हातातली काच तशीच अधांतरी. पंजाबराव नळ चालू ठेवून वळले, ओल्या हातांनी उभे. सवाष्णीची बांगडी, तीही सोयरिकीच्या साखरेवर.

"बांगडी वाढली," पंजाबराव अखेर म्हणाले, फार हळू.

हरीओमला बांगडी दिसलीच नव्हती. "तोंडात गेली का?" तो विचारत होता. "मावशी, जिभीले लागली का? एक कन तरी? सांगा ना!" त्यानं तिचा हात धरून तिला नळाशी नेलं. बोटं चोळून धुतली, मग पुन्हा धुतली, नखांतून धुतली. मनगटावर काचेनं बारीक चिरा काढला होता, त्यावर पाणी सोडत राहिला. गिरजाबाई रागानं फुलली होती, पण एक गोष्ट तिच्या नजरेतून सुटली नाही. मघाशी कणीन् कणी वेचणारा पोरगा आता बांगडीचे तुकडे न पाहताच ओलांडून आला होता.

"साखर होती का नव्हती?" तिनं विचारलं.

हरीओमनं नळ बंद केला. "साखरच होती, मावशी. बहुतेक."

"बहुतेक? चिठ्ठी त तूच लिहेल हाय ना वं... ना गा!" रागानं तिची जीभ घसरली आणि बाईमाणसाची हाक पोराला गेली.

"चिठ्ठी माही हाय. बरनीत शेवटचा चमचा कोनी घातला ते माह्या हातात नाही. पोरं एकच चमचा चार बरन्यांत फिरवतात. बाजूची बरनी पाहा, ते बी पांढरं. शिशाचं मीठ हाय. जहर."

"मंग चाखलं असतं त लगेच कळलं असतं! थुकून टाकलं असतं!"

"नसतं कळलं," हरीओम म्हणाला. "ते बी गोडच लागते."

परतीच्या एसटीत गिरजाबाई खिडकीकडे तोंड करून बसली. मनगटावर हरीओमनं बांधलेली पांढरी पट्टी होती. अगदी नेटकी, एकसारखी, जणू मोजून गुंडाळलेली. ती पाहून तिला आणखी राग येत होता. पंजाबरावांचा हात सवयीनं खिशात जात होता आणि रिकामा परत येत होता.

"पोरगा वाईट नव्हता," ते एकदा म्हणाले.

"तुमी बोलू नोका. तुमचं झाकन तरी वापस आलं. माही बांगडी गेली."

घरी वैजयंती नुकतीच गावातली लसीकरणाची फेरी आटोपून आली होती. निळ्या पिशवीतून डब्या काढून ठेवत होती. तिनं पट्टी पाहिली.

"हे कोनं बांधली?"

"ज्यानं मारलं त्यानंच." आणि गिरजाबाईनं सगळं सांगितलं, पहिल्या 'थांबा'पासून. सांगताना आवाज चढत गेला. साखर सांडली, बांगडी वाढली, पाव्हन्याच्या हातावर मारलं, आणि वर म्हणतो बहुतेक! "पुन्याले हो कळवून टाकू," ती शेवटी म्हणाली आणि पट्टीची गाठ उगाच ओढत बसली.

वैजयंतीनं ऐकून घेतलं. तिचे प्रश्न भलतेच होते.

"नखातून धुतले म्हनली ना तू? साबन लावला?"

"लावला."

"चिरा आधी पान्याखाली धरला, का आधी पट्टी?"

"पानी. केवढं तरी पानी. तुले काय करायचं?"

"मावशी, त्या पोराले मालूम होतं का, हे साखर सांडली का सोयरीक मोडन म्हनून?"

"त्याले मालूम नसंन त कोनाले? कानाच्या पाळ्या पाह्याच्या होत्या तू त्याच्या. लाल गाजरं."

"मंग झालं," वैजयंती म्हणाली आणि खाली मान घालून डब्या लावत राहिली. मग ती आपणहून बोलली. "वरच्या आळीतलं ते लेकरू आठवते ना, तापाचं औषध देल्लं होतं त्याले? मी मायले म्हनलं, एक चमचा. तिनं वाढाच्या चमच्यानं पाजलं. लेकरू सांज होये लोक डोये उघडेना. मी इचारलं, बाई कोन्ता चमचा? त म्हने, लहानच होता बहुतेक." तिनं पिशवीतून औषधाचं एक छोटं खुणांचं झाकण काढलं. "तवापासून मी चमचा म्हनत नाही कोनाले. हे देतो अन् रेघ दाखवतो. लोक हासतात. 'मिलीवाली बाई' म्हनतात मले."

"मले नाही सांगतलं तू."

"तू म्हनली असती, आमी त अंदाजानंच वाढवलं तुले."

गिरजाबाई तेच म्हणणार होती. ती उठली आणि चहा ठेवायला गेली. साखरेच्या डब्यात हात घातला आणि तो तिथेच राहिला.

हिशोब तिच्या रक्तात होता. नानाजी मध्यस्थी करतात ती कशासाठी, बादल धावतो तो कशासाठी, पुण्याचे लोक नोकरी सोडायला सांगतात ते कशासाठी, हे तिला माणूस दारात दिसताच कळायचं. हरीओमचा हिशोब मात्र तिला लागत नव्हता. पोराच्या तोंडाशी घास आला होता. नुसतं गप्प राहिला असता तरी चाललं असतं. बरणीत बहुतेक साखरच तर होती. असा विचार करायला माणसाला किती वेळ लागतो? एक श्वास. तेवढाही त्यानं घेतला नाही. त्यानं हिशोब केलाच नव्हता. म्हातारीच्या जिभेवर एक कण जाऊ नये म्हणून त्यानं आपलं लग्न फेकून दिलं होतं, आणि फेकलं हेही त्याला मागून कळलं असणार.

"असा माणूस," ती चुलीपाशी उभी राहून स्वतःशीच म्हणाली, "तापात पोरीच्या उशाशी बसन."

पण मोठ्या बाईनं आपण होऊन निरोप धाडायचा नसतो. "त्याले गरज असंन त येईन," ती बाहेर येऊन म्हणाली. "बांगडी माही वाढली. पाय माहे नाही वळनार तिकडे." पुण्याचा फोन आला तेव्हा पंजाबरावांना तिनं इतकंच बोलायला लावलं: "इचार चालू हाय." फोन ठेवून पंजाबरावांनी वैजयंतीकडे पाहिलं. वैजयंतीनं दाराकडे पाहिलं.

हरीओम आला तो पुढच्या आठवड्याच्या रविवारी. एकटाच; खांद्याला पिशवी, पायाला एसटी स्टँडची धूळ. ओसरीवर चढायच्या आधी त्यानं विचारलं, "मावशी, चिरा भरला का? पू त नाही झाला?"

"जित्ती हाय," गिरजाबाई म्हणाली. "बस."

बसला. वैजयंती आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. दोघांनी एकमेकांकडे वरूनही पाहिलं नाही, खालूनही नाही. आणि गिरजाबाईनं ते टिपलं. मग त्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, एकमेकींवर आपटू नयेत इतक्या काळजीनं दोऱ्यात ओवलेल्या.

"मावशी, मी तुकडे ठेवले होते. कागदावर गोल जुळवले, आतून मोजलं. सत्तावन मिलिमीटर. कासाराकडे गेलो, त तो म्हने मिलिमीटर-गिलिमीटर नाही चालत अथी. दोन-चार पाह्यजे का दोन-सहा ते बोल."

वैजयंतीच्या ओठांचा कोपरा हलला. "मंग?"

"मंग त्याच्याच दुकानात बसलो. दोन-चार म्हंजे दोन इंच आन वरतून चार आने. इंचाचे सोळा आने. हिशोब केला, बरोबर सत्तावन भरते. दोन-चार आनल्या." तो गिरजाबाईकडे वळला. "रंग बी जुळवला. चुकलं असंन त सांगा."

रंग चुकला नव्हता, मापही नाही. गिरजाबाईनं बांगडी घेतली, बोटांतून घातली, आणि ती अंगठ्याच्या हाडाशी अडली. दाबली. हालेना.

हरीओमचा चेहरा उतरला. "असं कसं? मी त तीनदा मोजलं."

"माप बरोबर हाय लेका," पंजाबराव म्हणाले. "हात बदलला तिचा."

खरंच होतं. त्या बांगड्या गिरजाबाईनं वैजयंतीला नोकरी लागली त्या वर्षी भरल्या होत्या. एकही न फुटता त्या मनगटावर राहिल्या, आणि इकडे बोटांची पेरं सुजत गेली. बांगडी मनगटावर तशीच; वाढले ते तिच्या पुढचे सांधे. हरीओमनं बांगडी मोजली होती. हात त्याला कोण मोजू देणार?

"दोन-सहा बदलून आनतो," तो उठायला लागला.

"थांब! तठीच थांब," वैजयंती म्हणाली. ते शब्द ओळखून हरीओम थांबला आणि त्याचे कान ठरल्याप्रमाणे लाल झाले. ती आतून घमेल्यात कोमट पाणी आणि साबण घेऊन आली. मावशीपुढे मांडी घालून बसली, हात मांडीवर घेतला आणि नर्स शिरेवरून बोट फिरवते तशी एकेक पेर चोळायला लागली. घमेलं कलंडत होतं. हरीओमनं खाली बसून दोन्ही हातांनी ते धरलं.

"अंगठा आत घे मावशी. ढिली सोड. लागन थोडं."

"थोडं म्हंजे किती?" गिरजाबाईनं हरीओमकडे पाहून विचारलं. "हाय का नळी तुह्याजवळ?"

"याचं माप नाही निघालं अजून," तो घमेल्याकडे बघत म्हणाला.

वैजयंतीनं श्वास धरून दाबलं. गिरजाबाई 'माय वं' म्हणून ओरडली आणि बांगडी हाडावरून सटकन् मनगटात गेली. जुन्या बांगड्यांना जाऊन लागली. एक कोवळी हिरवी, बाकीच्या मळकट. हात लालभडक झाला होता. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते दुखण्याचंच आहे असं गिरजाबाईनं सगळ्यांना मानू दिलं.

ती उठली, आतून स्वयंपाकघरातला साखरेचा डबा घेऊन आली आणि चिमूट भरून हरीओमच्या तोंडासमोर धरली. हरीओमनं तोंड उघडलं, आणि बिचाऱ्याची नजर सवयीनं डब्यातल्या चमच्यावर गेली. क्षणभरच. पण ओसरीवर सगळ्यांनी पाहिलं. पंजाबराव खो खो हसले, वैजयंतीनं पदरात तोंड लपवलं.

"पाह्य, पाह्य चांगलं," गिरजाबाई म्हणाली. "पोरा, हे बरनी माही हाय. हिच्यात शेवटचा चमचा कोनी घातला ते मी सांगू शकतो. मीच घातला. खाय."

त्यानं खाल्ली. मग तिनं खाल्ली. शब्द गेला.

आता कोणाचं काय गेलं ते पाहून घेऊ. कॉलेजची एक बरणी साखर गेली. हरीओमनं ती त्याच शनिवारी रिकामी केली होती. पुण्याच्या मंडळींचं काही गेलं नाही, त्यांनी मुळात काही घातलंच नव्हतं. नानाजींना मध्यस्थीचा मान मिळाला आणि हरीओम सायंटिस्ट नाही हे लोक विसरले. बादल दुपट्टा मिळवून बसला. पंजाबरावांचं झाकण गेलं. त्याच्या जागी वैजयंतीनं खुणांचं आणून ठेवलं, त्याला शिव्या देत ते फवारणी करतात आणि नंतर हात धुतात. लग्न होऊन वैजयंती कारंज्याला गेली, नोकरी मात्र इंझोरीतच राहिली, म्हणून सकाळच्या एसटीनं ती गावात येते, दुपारची भाकर मावशीकडे खाते. हे सगळं गिरजाबाईनं मांडलं होतं तसंच जमेला आलं. फक्त एक रकाना ती धरायला विसरली होती. संध्याकाळी एसटी आली की पोरगी उठते, पिशवी खांद्याला लावते, आणि गिरजाबाई फाट्यापर्यंत सोबत जाते. बस धूळ उडवून निघते, आणि ती हात वर धरून उभी राहते, तोच हात, एक बांगडी बाकीच्यांपेक्षा हिरवी. पोरीचे दिवस तिनं मिळवले. किंमत संध्याकाळींनी भरली.